अडलंय कुठे, ते आधी पाहू

पत्र:
ताई, उन्हाळा लागला तेव्हा हौसेने चार कामं काढली. लेकीसाठी ६० बाय ८० इंचांची गोधडी. तिचा वरचा तुकड्यांचा थर जोडून झालाय, अस्तर आणि मधला कापसाचा थर आणून ठेवलाय, पण तिन्ही थर अजून एकत्र आलेले नाहीत. भाचीला अडीच महिन्यांनी बाळ होणार आहे, त्याच्यासाठी ३६ इंची दुपटं. बारा-बारा इंचांच्या नऊ चौकोनांपैकी चार शिवलेत. तिसरं काम भरतकामाचा टेबलक्लॉथ. कडेने २४ फुलं आहेत, ९ भरून झाली. बाकीची फुलं पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाने आखली होती, ती हल्ली पुसट दिसतात. चौथं क्रॉसस्टिचचं चित्र, १४ काउंटच्या, म्हणजे इंचाला १४ घरं असलेल्या कापडावर १०० बाय १४० टाक्यांचं. निम्मं झालंय, पण एका भागात एक घर चुकल्याचं परवा लक्षात आलं. उन्हाळ्याचे जेमतेम पाच आठवडे उरलेत. हाताला घाम येतो, सुई निसटते, गोधडी मांडीवर घेतली की जीव नको होतो. रोज कपाट उघडते, चारही कामांकडे बघते आणि बंद करते. सगळं गुंडाळून ठेवू, की कंबर कसून एकेक संपवत जाऊ?

उत्तर:
प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. प्रत्येक कामापुढे मी एकच शब्द लिहिला. मोठ्या गोधडीपुढे ‘जागा’, दुपट्यापुढे ‘वेळ’, टेबलक्लॉथपुढे ‘आखणी’ आणि चित्रापुढे ‘चूक’. चारही कामं अडलीत खरी, पण चार निरनिराळ्या ठिकाणी. तुम्ही मात्र त्यांचा एकच गठ्ठा बांधलाय आणि कपाट उघडलं की तो अख्खा गठ्ठा तुमच्या अंगावर येतो. त्यामुळे गुंडाळून ठेवायचं की कंबर कसायची, याचं चौघांना मिळून एक उत्तर मी देणार नाही. प्रत्येक कामाचं वेगळं देते.

सुरुवात टेबलक्लॉथपासून करू. चौघांत सगळ्यात निवांत काम तेच वाटत असेल, पण रोज थोडं थोडं हातचं जातंय तेही तेच. बाकीची तीन कामं आज आहेत तशीच दोन महिन्यांनी सापडतील. टेबलक्लॉथवरची आखणी सापडणार नाही. निळ्या पेनाची शाई पाण्याने जाण्यासाठीच बनवलेली असते, आणि घामेजलेला तळहात म्हणजे तिच्या लेखी पाणीच. दमट हवाही तिला हळूहळू खाते. तुम्ही शेजारचं फूल भरत असता तेव्हा मनगट पुढच्या फुलावर टेकलेलं असतं, आणि आखणी तिथेच पुसली जाते.

आखणी पेनाने पुन्हा गडद करू नका, ती पुन्हा जाईल. दोन संध्याकाळी बाजूला काढा आणि उरलेल्या पंधराही फुलांच्या रेषांवरून एकपदरी दोऱ्याचा धावदोरा घाला. ज्या फुलाचा जो रंग, त्याच रंगाचा दोरा घ्या, म्हणजे नंतर भरलेल्या टाक्यांखाली तो दिसेनासा होईल. टाके लांब असले तरी चालतील, वळणाच्या जागी तेवढे लहान घ्या. एकदा हे झालं की आखणी कापडातच उतरली. मग घाम येवो, धुणं होवो, तुम्ही ते काम वर्षभराने हातात घेतलं तरी चालेल.

आणि एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा. कापड चुरगळलंय म्हणून त्यावरून इस्त्री फिरवू नका. निळी शाई इस्त्रीच्या उष्णतेने कापडात कायमची बसू शकते, मग ती थंड पाण्यानेही निघत नाही. काम पूर्ण झालं की आधी साध्या गार पाण्यात खळबळून निळा रंग पूर्ण घालवायचा, त्यानंतर साबण आणि इस्त्री सगळ्यात शेवटी. जांभळ्या रंगाचं, हवेत आपोआप उडून जाणारं पेन मिळतं, ते उन्हाळ्याच्या शेवटी विकत घेऊच नये असं माझं मत आहे. दमट हवेत त्याची रेघ फार लवकर नाहीशी होते. तिसरी एक शाई उष्णतेने पुसली जाणारी असते. साधारण ६० अंश सेल्सिअसला ती अदृश्य होते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत कापड राहिलं तर तेवढी उष्णता सहज होऊ शकते आणि अख्खा नमुना गायब होतो. शिवाय कडाक्याच्या थंडीत तीच रेघ परत उमटते. म्हणून जपून ठेवायच्या, भेट द्यायच्या वस्तूंवर मी ती वापरत नाही.

आता दुपटं. या पाच आठवड्यांत एकच वस्तू पूर्ण करायची असेल, तर ती ही. त्याआधी तुमच्या मनावरचं थोडं ओझं उतरवते. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाच्या झोपण्याच्या जागी गोधडी, उशी, सैल पांघरूण ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे हे दुपटं बाळाला पांघरायला नाही. बाळ जागं असताना, कुणीतरी जवळ बसलेलं असताना, जमिनीवर अंथरायला आहे. त्यामुळे जन्माच्या दिवशी ते तयार नसलं तर बाळाचं काहीही अडणार नाही. भाचीला देताना हे तिलाही सांगा. दुपट्यावर बटणं, मणी, लोंबत्या लेसा लावू नका, आणि कापड आधी धुतलेलं नसेल तर पुढचे चौकोन कापण्यापूर्वी धुऊन घ्या. चार चौकोन न धुतलेल्या कापडाचे झाले असतील तर मात्र उरलेलंही तसंच वापरा. अर्धं आटलेलं आणि अर्धं न आटलेलं कापड एकत्र आलं, तर पहिल्याच धुण्यात शिवणी ओढल्या जातात.

उन्हाळ्यात दुपटं अख्खं तयार करून मग त्यावर धावदोरे घालत बसायचं नाही. प्रत्येक चौकोन सुटा पूर्ण करायचा. वरचा तुकड्यांचा चौकोन साडेबारा इंच, अस्तर तेवढंच, आणि मधला कापूस बारा इंच, म्हणजे चारही बाजूंनी पाव इंच आत. तिन्ही थर एकमेकांवर ठेवा, मोठ्या टाक्यांनी कच्चे टाचा आणि धावदोरे घाला. काठापासून एक इंच मोकळा सोडून थांबा. मांडीवर हातरुमालापेक्षा थोडा मोठा, हलका तुकडा असतो. गरम होत नाही, पिशवीत मावतो, वीस मिनिटं मिळाली तरी काम पुढे सरकतं.

नऊ तयार झाले की जोडणी. दोन चौकोन सुलट्यावर सुलट ठेवून फक्त वरची कापडं पाव इंचावर शिवायची. अस्तर आणि कापूस बाजूला दुमडून टाचणीने अडकवून ठेवा, नाहीतर सुईखाली येतात. शिवण उघडून उलट्या बाजूने सपाट पसरा. दोन कापसांच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत, एकमेकींवर चढता कामा नयेत. एका बाजूचं अस्तर त्यावर सपाट ठेवा, दुसऱ्या बाजूच्या अस्तराची पाव इंच कड आत दुमडून त्यावर आणा आणि हाताने बारीक तुरपाई करा. काठाजवळ सोडलेल्या मोकळ्या पट्टीत राहिलेले धावदोरे मग पूर्ण करायचे. दुपट्याच्या अगदी बाहेरच्या कडेला मात्र कापूस कापडाच्या कडेपर्यंत ठेवा, नाहीतर गोट, म्हणजे कडेला दुमडून लावायची पट्टी, पोकळ बसतो. हे कापूस कापतानाच ठरवावं लागतं, म्हणून कागदावर नऊ घरं काढून कुठला चौकोन कुठे बसणार ते आधी लिहा.

आता हिशेब. पाच चौकोन शिवायचे राहिलेत, रोज एक धरला तर पाच दिवस. नऊ चौकोनांचे धावदोरे, प्रत्येकी दोन दिवस, म्हणजे अठरा. जोडणीला पाच-सहा, गोटाला तीन. बत्तीस दिवस झाले आणि तुमच्याकडे पस्तीस आहेत. एखादा आठवडा पाहुण्यांत गेला किंवा अंगात ताप आला तर हा हिशेब पुढे ढकलला जाईल. तरीही बाळ यायला पाच-सहा आठवडे उरतातच.

एवढं मोठं काम असं तुकड्यांनी करणं म्हणजे तडजोड, असं तुम्हाला वाटू नये म्हणून एक सांगते. अकराव्या शतकातलं ते जगप्रसिद्ध भरतकाम, ज्याला बायो टॅपेस्ट्री म्हणतात, ते जवळजवळ ७० मीटर लांब आणि सुमारे अर्धा मीटर उंच आहे. नावात टॅपेस्ट्री असलं तरी ते विणलेलं नाही. लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्याने भरलेलं आहे, आणि ते नऊ तुकडे जोडून बनलंय. पहिल्या जोडावर काठाच्या रेघा एकमेकींशी जुळत नाहीत, आजही नीट पाहिलं तर दिसतं. पुढचे जोड इतके सफाईदार झालेत की शोधावे लागतात. कुणाचे हात होते ते, ठाऊक नाही, पण पहिला जोड चुकला म्हणून त्यांनी काम टाकलं नाही आणि पहिला जोड उसवलाही नाही. दुसऱ्या जोडाला हात सुधारला होता. मला ते फार जवळचं वाटतं. तुमच्याही पहिल्या दोन चौकोनांची तुरपाई आठव्या-नवव्याइतकी सुबक होणार नाही. ते दोन चौकोन कोपऱ्यात घ्या, म्हणजे झालं.

मोठ्या गोधडीचे थर या उन्हाळ्यात एकत्र करू नका, असं मी स्पष्टच सांगते. तुमच्या पत्रात त्याच कामाची सगळ्यात जास्त बोच दिसली, म्हणून कारणही देते. ६० बाय ८० इंचांचे तीन थर जमिनीवर ताणून, मधून बाहेर हात फिरवत, मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना लावत जायचं, म्हणजे गुडघ्यांवर दोन-तीन तासांचं काम. ते तुम्ही एखाद्या पहाटे कुणाला मदतीला घेऊन उरकालही. पण त्यानंतर धावदोरे लगेच सुरू होणार नाहीत, कारण एवढा कापूस मांडीवर घेऊन या दिवसांत बसवत नाही. मग पिना लावलेली गोधडी घडी होऊन कपाटात जाईल. मी एकदा हेच केलं होतं. दमट हवेत तीन महिने पिना कापडात राहिल्या आणि काढल्या तेव्हा फिक्या पिवळ्या कापडावर प्रत्येक पिनेजवळ गंजाचा तांबूस ठिपका होता. ते डाग पूर्ण निघाले नाहीत. तेव्हापासून माझा नियम आहे, थर एकत्र केले की त्याच आठवड्यात धावदोरे सुरू. ते जमणार नसेल तर थर सुटेच बरे.

पण सुटे ठेवायचे म्हणजे विसरायचे नाहीत. या पाच आठवड्यांत त्या गोधडीची तीन कामं होतील आणि तिन्ही मांडीवर कापूस न घेता होणारी आहेत.

पहिलं काम अस्तर. वरच्या थरापेक्षा ते प्रत्येक बाजूला चार इंच जास्त हवं, म्हणजे ६८ बाय ८८. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर ८८ इंचांचे दोन लांब तुकडे उभे जोडावे लागतील. जोडण्याआधी दोन्हींची किनार कापून टाका. किनार घट्ट विणलेली असते आणि धुतल्यावर ती बाकी कापडाच्या आधी आवळते.

दुसरं काम गोट. चारी बाजूंची बेरीज २८० इंच, कोपरे आणि शेवटची जुळणी धरून दहा-बारा इंच वर. किनार सोडून पन्ह्यात ४२ इंच मिळतात, आणि तिरक्या जोडात दर वेळी अडीच इंच जातात. म्हणून सात पट्ट्या पुरतीलशा वाटतात, पण पुरत नाहीत. अडीच इंची आठ पट्ट्या कापा. कडा सरळ असल्यामुळे उरेप, म्हणजे तिरकं कापलेलं, कापड लागणार नाही, आडव्या धाग्यावरच्या पट्ट्या चालतील. जोडून, मधोमध दुमडून, इस्त्री करून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवा.

तिसरं काम म्हणजे ठरवणं. धावदोरे कसे घालणार, सरळ रेघा, तिरक्या जाळ्या, की तुकड्यांच्या शिवणीलगत? कापसाच्या पाकिटावर दोन धावदोऱ्यांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते छापलेलं असतं, ते वाचा. वरच्या थराचा फोटो कागदावर छापून त्यावर पेन्सिलीने दोन-तीन प्रकार करून पाहा. गोधड्या वर्षानुवर्षं अडून राहतात त्या बहुतेक इथेच. जागा नव्हती असं आपण म्हणतो, पण जागा मिळते तेव्हा नमुना ठरलेला नसतो. हवा गार होईल त्या आठवड्यात तुमच्याकडे नमुना, अस्तर आणि गोट तिन्ही तयार असतील. कापसाची घडी आदल्या दिवशी उलगडून पसरून ठेवा, मोड आपोआप सैलावतात.

राहिलं चित्र. १०० बाय १४० म्हणजे १४,००० टाके, निम्मे म्हणजे ७,०००. रोज २०० घातले तरी बरोबर पस्तीस दिवस, तेही एकही संध्याकाळ न चुकवता आणि दुसरं काही हातात न घेता. या उन्हाळ्यात ते पूर्ण होणार नाही. हे आजच मान्य केलंत तर ते रोज तुमच्याकडे रागाने बघणार नाही.

चुकीचा निकाल मात्र लावा, कारण ते काम चुकीपाशीच थांबलंय. नेमकं कुठे चुकलंय हे बघा. चुकलेला भाग पुढे कशाला तरी येऊन मिळणार असेल, म्हणजे चौकट, अक्षरं, एखाद्या वस्तूची बाह्यरेषा, तर उसवावंच लागेल. एक घराचा फरक तिथे पुढे पुढे सरकत जातो आणि शेवटी दोन रेघा भेटतच नाहीत. चूक पानांत, गवतात, आकाशात असेल तर तिथेच एक टाका कमी-जास्त करून जिरवून टाका. ज्याने नमुना मोजला नाही त्याला ते कधीही कळणार नाही, आणि मला त्यात अप्रामाणिक काही वाटत नाही. उसवायचंच असेल तर सुलट्या बाजूने बारीक कात्रीने एकेक टाका कापा, उलट्या बाजूने चिमट्याने ओढा, आणि निघालेला दोरा पुन्हा वापरू नका. तो झिजलेला असतो, शेजारच्या टाक्यांपेक्षा बारीक दिसतो. पुढे चुकू नये म्हणून दर दहा घरांवर उभा-आडवा एक लांब धावदोरा घालून ठेवा. साधा, फिक्या रंगाचा, नंतर ओढून काढता येईल असा. हे सगळं सकाळच्या उजेडात करा.  कमी उजेडात घरं मोजताना डोळे ताणावे लागतात, आणि चुका तिथेच होतात.

आता घाम. सुती धागा साध्या हवेतही स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून असतो, दमट हवेत त्याहून जास्त. धागा फुगतो, कापडही फुगतं, आणि सुई ओढताना घर्षण वाढतं. ओला सुती धागा कमजोर होतो असा समज आहे, पण तो उलट जास्त मजबूत असतो. तुमचा दोरा तुटत असेल तर तो घासून झिजल्यामुळे. उपाय साधा आहे. दोरा आखूड घ्या, बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे ४०-४५ सेंटिमीटर. पुन्हा पुन्हा ओवावं लागेल, पण शेवटचा टाका पहिल्याइतकाच नितळ येईल. धावदोऱ्याच्या जाड दोऱ्याला मेण लावायला हरकत नाही. भरतकामाच्या सुट्या पदरांना लावू नका, चमक जाते आणि मळ बसतो.

बसण्याआधी हात आणि मनगटं गार पाण्याखाली धरा आणि नीट कोरडी करा. पावडर लावू नका, घामात मिसळून तिचा लगदा होतो आणि टाक्यांत शिरतो. मांडीवर एक पांढरा सुती पंचा ठेवा आणि काम त्यावर घ्या. पंखा तोंडावर घेतला की दोरे उडतात, तो पायांकडे वळवा. सुई निसटते ती बहुतेक वेळा जुनी झालेली असते. घामाने तिचा मुलामा जातो, ती काळपट होते आणि कापडात अडते. अशा सुया टाकून द्या. घाम फार येणाऱ्या हातांसाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या सुया मिळतात, त्या जास्त टिकतात. सुई रात्रभर कापडात टोचून ठेवायची नाही, गंजाचं सांगितलंच आहे. तशीच भरतकामाची रिंगही रोज रात्री काढायची. घामाने ओलावलेलं कापड रिंगमध्ये ताणून राहिलं की तिथे एक गोल मळकट वळ उमटतो आणि तो धुऊनही सहजी जात नाही.

इस्त्रीचं काम साठवा. चौकोन शिवताना प्रत्येक शिवणीसाठी इस्त्री तापवायची गरज नाही, नखाने दाबून शिवण बसवता येते. आठवड्यातून एका पहाटे सगळ्या चौकोनांना मिळून एकदा इस्त्री करा. शिलाई मशीन वापरत असाल तर त्याच पहाटे बॉबिनखालचा कापसाचा भुगा ब्रशने काढा, सुई बदला आणि तेलाचे थेंब द्या.

दिवसाची मांडणी मी अशी करीन. सकाळच्या उजेडात दुपट्याचा चौकोन. दुपारी काहीही नाही, झोपा किंवा आडव्या पडा, दुपारी ओढूनताणून घातलेले टाके संध्याकाळी उसवावे लागतात. संध्याकाळी टेबलक्लॉथ. आखणी पक्की झाल्यावर उरतात पंधरा फुलं, आठवड्याला तीन झाली तरी पाच आठवड्यांत पंधरा होतात. नाही झाली तरी काही बिघडत नाही, कारण आता ती पुसली जाणार नाहीत. रंग मात्र सकाळीच निवडून ठेवा. पिवळ्या दिव्याखाली फिका हिरवा आणि फिका निळा सारखेच दिसतात. उजव्या हाताने शिवत असाल तर दिवा डाव्या बाजूला घ्या, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही.

कपाटाचंही एक काम आहे. चार कामांना चार सुती पिशव्या करा. प्लास्टिकच्या नकोत, हवा ६५-७० टक्क्यांपेक्षा दमट झाली की आत कोंडलेल्या कापडावर बुरशीचे ठिपके येऊ लागतात. प्रत्येक पिशवीत त्या कामाची सुई, दोरा, छोटी कात्री, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पुढची एकच पायरी लिहायची. ‘गोधडी पूर्ण करणे’ असं लिहिलं तर ती चिठ्ठी निरुपयोगी. ‘अस्तराच्या दोन तुकड्यांची किनार कापणे’ असं लिहा. काम ठेवताना, दमलेल्या असलात तरी, जुनी चिठ्ठी खोडून नवी पायरी लिहूनच पिशवी बंद करा. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं की काय करायचं हा प्रश्न पडत नाही. मोठ्या गोधडीचा वरचा थर पांढऱ्या चादरीत गुंडाळा आणि दर दोन आठवड्यांनी वेगळ्या रेषेवर घडी घाला, म्हणजे एकाच जागी मोड पडणार नाही.

उद्या सकाळी सगळ्यात आधी टेबलक्लॉथ काढा. आखणीला हात लावण्यापूर्वी एक पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि भरून झालेल्या एखाद्या लाल किंवा गडद फुलावर मिनिटभर दाबून धरा. रुमाल पांढराच राहिला तर निळी आखणी धुताना काळजी नाही, धावदोरा सुरू करा. रुमालावर रंग उतरला तर त्या रंगाचं पुढचं एकही फूल भरू नका आणि टेबलक्लॉथ अजिबात ओला न करता मला लगेच लिहा. दोरा कुठला आहे आणि कापड सुती की मिश्र, तेही कळवा. त्यावरून पुढचं सांगेन.